पंख्याचा आवाज आणि डेसिबलची फसवी बेरीज

मोठ्या कंटेनर जहाजाचं मुख्य इंजिन ४० मेगावॅटचं असू शकतं. त्यातली किती शक्ती पाण्यात आवाज म्हणून जाते? स्रोत-पातळी, म्हणजे जहाजापासून १ मीटरवर असेल असा धरलेला आवाज, १९० डेसिबल मानून हिशोब मांडला, तर उत्तर येतं सुमारे ८० वॅट. घरात छताला टांगलेला जुना पंखा जेवढी वीज खातो, जवळपास तेवढी. चार कोटी वॅटमधले ऐंशी.

‘आवाज कमी केला की इंधन वाचतं’ हे वाक्य या विषयात हमखास ऐकू येतं. ८० वॅट वाचवून कुणाचं बंकरचं, म्हणजे जहाजाच्या इंधनाचं, बिल उतरत नाही. खरी गोष्ट अशी की ज्या दोषामुळे जहाजाचा पंखा (प्रोपेलर) ओरडतो, तोच दोष पुष्कळदा इंधनही खात असतो. मूळ एकच असेल तिथे फायदा दुहेरी होतो. मूळ वेगळं असेल तिथे शांततेसाठी पैसे मोजावे लागतात, आणि ते कुठे मोजायचे हे ठरवण्यातच बहुतेक जण चुकतात.

एवढ्याशा ८० वॅटची फिकीर कशाला? कारण पाणी आवाज गिळत नाही. १०० हर्ट्झचा आवाज १,००० किलोमीटर गेला तरी पाण्यात शोषला जातो तो जेमतेम १ डेसिबल. बाकीची घट नुसत्या पसरण्याने होते. कॅलिफोर्नियाजवळ सॅन निकोलस बेटापाशी १९६४–६६ मध्ये मोजलेला समुद्राचा आवाज आणि त्याच जागी २००३–०४ मध्ये पुन्हा मोजलेला आवाज, यांत ३० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात १० ते १२ डेसिबलचा फरक निघाला. म्हणजे दर दशकाला साधारण ३. मोठे देवमासे एकमेकांशी बोलतात ते याच पट्ट्याच्या आसपास. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात जहाजांची ये-जा घटली आणि पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच काळात गोळा केलेल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अंश कमी सापडले.

आधी बेरीज

पाण्यातला डेसिबल आणि रस्त्यावरच्या भोंग्याचा डेसिबल एक नव्हे. हवेत संदर्भदाब २० मायक्रोपास्कल धरतात, पाण्यात १ मायक्रोपास्कल. इथेच २६ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय पाणी हवेपेक्षा घट्ट, त्यामुळे तेवढ्याच तीव्रतेसाठी दाब जास्त लागतो. त्याचे आणखी ३६. एकूण सुमारे ६२ वजा केल्याशिवाय ‘जहाज जेट विमानापेक्षा कर्कश’ असले मथळे देऊ नयेत. ‘१ मीटरवर’ हाही हिशोबापुरता आकडा आहे. ३०० मीटरच्या जहाजापासून १ मीटरवर कुणी मोजत नाही. दुरून मोजतात आणि उलट गणित करून तो आकडा काढतात.

खरी फसगत बेरजेत आहे. समजा एखाद्या पट्ट्यात पंख्याचा आवाज १७० आहे आणि जनरेटरचा १६०. दोन्ही मिळून किती? १७०.४. आता जनरेटरखाली महागडे रबरी माउंट (कंपन अडवणाऱ्या बैठका) घालून त्याचा आवाज पार नाहीसा केला, तरी एकूण आवाज उतरेल तो ०.४ डेसिबल. एवढा फरक हायड्रोफोनवर (पाण्यातल्या मायक्रोफोनवर) धड पकडताही येणार नाही. उलट पंख्याचा आवाज १० डेसिबलने उतरवला तर दोघेही १६० वर येतात आणि बेरीज होते १६३. म्हणजे ७ डेसिबलपेक्षा जास्त घट. त्यानंतर मात्र जनरेटरकडे बघणं फायद्याचं ठरतं. हा हिशोब प्रत्येक वारंवारता-पट्ट्यासाठी वेगळा करायचा असतो, कारण ४० हर्ट्झवर जो यजमान असतो तो २,००० हर्ट्झवर नसतो. कुठल्या पट्ट्यात कोण सर्वांत मोठ्याने बोलतंय हे कळल्याशिवाय एकही पर्चेस ऑर्डर काढू नये, एवढं माझं ठाम मत आहे.

पाणी थंडच असतं, तरी उकळतं

चालत्या व्यापारी जहाजावर बहुतेक पट्ट्यांत यजमान एकच असतो: कॅव्हिटेशन. पात्याच्या ओढ असलेल्या बाजूला दाब इतका घसरतो की पाणी जागच्या जागी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि दोन पावलं पुढे, जास्त दाबात, फटाफट मिटतात. आवाज होतो तो या मिटण्याचा.

आकडे घालून बघू. ८ मीटर व्यासाचा पंखा, शाफ्ट पाण्याखाली ६ मीटर, ८० आरपीएम. पात्याचं टोक फिरतं सेकंदाला साडेतेहेतीस मीटरने, म्हणजे त्या वेगाचा गतिज दाब सुमारे ५७५ किलोपास्कल. टोक वर, बाराच्या काट्यावर येतं तेव्हा त्याच्या डोक्यावर फक्त २ मीटर पाणी उरतं. वातावरणाचा दाब धरून तिथे मिळतात १२१ किलोपास्कल. आपल्याकडच्या २८ अंशाच्या पाण्याचा बाष्पदाब ३.८, तो वजा केला तर हातात उरले सुमारे ११७. भागाकार ०.२. याचा अर्थ गतिज दाबाच्या पाचव्या हिश्श्याएवढी ओढ पात्यावर कुठेही निर्माण झाली की पाणी उकळणार, आणि पातं जोर लावतं तेच ओढीवर. हाच पंखा ६० आरपीएमवर आणला तर टोकाचा वेग होतो २५ आणि भागाकार ०.३६. जवळजवळ दुप्पट सवलत.

बाराच्या काट्यावरच गोष्ट का बिघडते याला दुसरंही कारण आहे. हलच्या, म्हणजे जहाजाच्या बुडालेल्या अंगाच्या, मागे पाणी सगळीकडे सारख्या वेगाने येत नाही. वरच्या बाजूला, हलच्या सावलीत, ते मंद असतं. मंद पाण्यात शिरताना पात्याला ते जास्त तिरक्या कोनातून लागतं आणि ओढ अचानक वाढते. म्हणजे पाणी सर्वांत उथळ जिथे, तिथेच पात्यावर सर्वांत जास्त ताण. दर फेरीत प्रत्येक पातं तिथून जाताना एक ठोसा मारतं: ५ पाती, ९० आरपीएम, तर सेकंदाला साडेसात ठोसे. ७.५ हर्ट्झ आणि तिच्या पटी हायड्रोफोनच्या आलेखावर कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या दिसतात.

यातून एक फुकटचा उपाय निघतो, तो फारसा कुणी सांगत नाही. बॅलास्टमध्ये, म्हणजे मालाऐवजी टाक्यांत पाणी भरून, चाललेलं बल्क (सुटा माल नेणारं) जहाज पुष्कळदा भरलेल्या जहाजापेक्षा जास्त कॅव्हिटेट होतं, कारण पंख्यावरचं पाणी कमी. टँकरना मारपोल या सागरी प्रदूषणाबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमामुळे पंखा पूर्ण बुडेल एवढा ड्राफ्ट (जहाजाची पाण्यातली खोली) ठेवावाच लागतो. पण पूर्ण बुडणं आणि पुरेसं बुडणं यांत फरक आहे. मागच्या बाजूला आणखी मीटरभर पाणी मिळेल असा ट्रिम (जहाजाचा पुढे-मागे कल) घेता येत असेल तर कॅव्हिटेशन सुरू होण्याचा वेग वर सरकतो. मोजताना मात्र एक गंमत होते. पंखा जितका खोल, तितकं पृष्ठभागावरून उलटून येणाऱ्या आवाजाने मूळ आवाज खोडून काढणं कमी होतं. म्हणजे खोल पंख्याचा खालच्या पट्टीतला आवाज दूरवर जास्त पोहोचू शकतो. भरलेलं आणि रिकामं जहाज यांच्या मोजणीची तुलना करताना हे विसरलं की निष्कर्ष उलटे निघतात.

जहाजावरच शोधायचं कसं

कॅव्हिटेशन कुठल्या वेगाला सुरू होतं, हे हायड्रोफोनशिवायही बऱ्यापैकी सापडतं. स्टिअरिंग गिअर रूममध्ये किंवा आफ्ट पीकच्या (मागच्या टोकाच्या टाकीच्या) आत, पंख्याच्या बरोबर वर हलच्या पत्र्याला कंपन मोजणारा एक अ‍ॅक्सेलरोमीटर चिकटवायचा. पत्रा घासून रंग काढायचा आणि सेन्सर स्टडने किंवा कडक गोंदाने बसवायचा. चुंबकावर बसवला की काही हजार हर्ट्झच्या वर वाचन भरवशाचं राहत नाही, आणि इथे हवा असतो तोच पट्टा. समुद्र शांत, रडर (सुकाणू) मध्यावर, पाणी खोल. सर्वांत कमी आरपीएमपासून सुरुवात करून ३ ते ५ आरपीएमच्या पायऱ्यांनी वर जायचं. प्रत्येक पायरीवर वेग स्थिरावू द्यायचा आणि दोन मिनिटं नोंदवायचं. १ किलोहर्ट्झच्या वरची पातळी आधी हळूहळू चढते आणि मग एका पायरीवर एकदम उडी मारते. ती उडी म्हणजे कॅव्हिटेशनचा आरंभ. त्या आवाजाची चढ-उतार पात्यांच्या ठेक्यात होत असेल तर शंका उरत नाही.

नेहमीच्या व्यापारी जहाजावर हा वेग १० नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास किंवा त्याहूनही खाली सापडतो. म्हणजे बहुतेक जहाजं आयुष्यभर कॅव्हिटेट होतच चालतात. ते पूर्ण बंद करणं हे नौदलाचं आणि मत्स्यसंशोधन जहाजांचं काम. व्यापारी जहाजाचं काम ते कमी करणं.

वरच्या कसरतीत एक चूक नेहमी होते: इंजिनाचा क्रिटिकल आरपीएमचा पट्टा, म्हणजे जिथे शाफ्टची कंपनं धोकादायक वाढतात तो, मध्ये येतो. तिथे थांबायचं नसतं, पटकन पार करायचा असतो. पण तेवढी जागा आलेखात रिकामी राहते आणि आरंभ नेमका तिथेच असेल तर निसटतो. अशा वेळी ट्रिम थोडा बदलून फेरी पुन्हा करावी.

ड्रायडॉकमध्ये (कोरड्या गोदीत) काय बघायचं

पहिली गोष्ट पात्याची पुढची धार. दोरखंड, ओंडका, बर्फ, काहीही आपटलं की धारेला काही मिलिमीटरची खाच पडते. खाच लहान दिसते, पण पाणी पात्याला पहिल्यांदा भेटतं तेच तिथे, आणि त्या जागी कॅव्हिटेशन अपेक्षेपेक्षा बरंच आधी सुरू होतं. दुरुस्ती करताना यार्डातला माणूस अँगल ग्राइंडर फिरवून खाच ‘गोल’ करून देतो. ते दिसायला छान, पाण्याला वाईट. धारेची त्रिज्या मूळ ड्रॉइंगप्रमाणे टेम्प्लेट लावून परत आणायची असते. जास्त बोथट आणि जास्त धारदार, दोन्ही चुकीचं. मध्यापासून व्यासार्धाच्या ०.७ अंतरापासून टोकापर्यंत प्रत्येक पात्याच्या धारेचे जवळून फोटो काढून ठेवले तर पुढच्या डॉकिंगला भांडण होत नाही.

दुसरी गोष्ट खडबडीतपणा. तो ताडून बघायची रूबर्टची तुलना-पट्टी ए ते एफ अशी असते. ए म्हणजे सरासरी खडबडीतपणा साधारण ०.६५ मायक्रोमीटर, एफ म्हणजे जवळपास ३०. पंखा डी पर्यंत गेला की पॉलिशची वेळ झाली. पाणबुडे पाण्यातच पॉलिश करतात, सहा ते बारा महिन्यांत एकदा, आणि त्याचे पैसे इंधनातूनच वसूल होतात. हा दुहेरी फायद्याचा उत्तम नमुना. हलवरच्या शेवाळा-शिंपल्यांचंही तसंच. हल खरबरीत झाली की मागे येणारं पाणी आणखी मंद आणि असमान होतं, त्याच वेगाला पंख्यावर जास्त भार पडतो आणि बाराच्या काट्यावरचा ठोसा जोरात बसतो.

पॉलिशमधूनच एक विचित्र तक्रार उगवते. स्वच्छ केलेला पंखा दुसऱ्या दिवशी ‘गायला’ लागतो: काहीशे हर्ट्झचा एकच सूर, ठराविक आरपीएमवर, इंजिन रूमपर्यंत ऐकू येणारा. पात्याच्या मागच्या धारेवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांचा ठेका पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की असं होतं. ते होऊ नये म्हणून मागच्या धारेला एका बाजूने तिरका काप दिलेला असतो आणि त्याची कड तीक्ष्ण ठेवलेली असते. पाणबुड्याने ती कड खराबी समजून घासून गोल केलेली असते. उपाय एकच, काप पुन्हा काढणं. कामाच्या वर्णनात ‘मागच्या धारेच्या कापाला हात लावू नये’ असं एक वाक्य आधीच लिहिलं असतं तर हे टळलं असतं.

नवा पंखा घेताना आयएसओ ४८४ या पंख्यांच्या अचूकतेच्या मानकातला वर्ग नीट वाचावा. सरासरी पिचमध्ये (एका फेरीत पातं स्क्रूसारखं जेवढं पुढे सरकेल त्या अंतरात) सर्वांत काटेकोर एस वर्गाला ±०.५ टक्के सूट आहे, तिसऱ्या वर्गाला ±३. स्वस्त पंखा शांत निघाला तर तो योगायोग. शांत डिझाइनची ओळख म्हणजे पाती मोठी आणि मागे वळवलेली, टोकाकडचा भार कमी केलेला. टोक हलकं केल्याने टोकाचा भोवरा मऊ होतो, पण कार्यक्षमतेत एखाद-दोन टक्के जातात. इथे शांतता आणि इंधन समोरासमोर उभे राहतात, आणि डिझाइनरला ‘दोन्ही द्या’ असं सांगून प्रश्न सुटत नाही. व्यास वाढवून आरपीएम कमी करता आलं तर दोन्ही मिळतं, मात्र त्यासाठी पंखा आणि हल यांच्यामध्ये जागा लागते. वर व्यासाच्या २० ते २५ टक्के अंतर ठेवतात. ते खाऊन टाकलं तर पाण्यातला आवाज कमी होऊन केबिनमधली थरथर वाढायची.

बॉस कॅपवर (पंख्याच्या मधल्या गोळ्याच्या, म्हणजे बॉसच्या, टोपीवर) छोटे पंख लावले की मधला जाड भोवरा मोडतो. पंख्यापुढे डक्ट (पाणी वळवणारं कडं) बसवली की वरचं मंद पाणी थोडं सुधारतं. दोन्ही मुळात इंधनासाठी विकल्या जातात आणि आवाजाचा फायदा जहाजागणिक वेगळा असतो. जिथे मोठा भोवरा टोकाचा आहे, तिथे बॉस कॅपने आवाजात काय फरक पडणार? पुन्हा तीच बेरीज.

एकत्र केलेल्या बदलांचं चांगलं मोजलेलं उदाहरण मर्स्कच्या जी वर्गाच्या कंटेनर जहाजांचं आहे. कमी वेगासाठी त्यांचा पुढचा बल्ब (नाकाखालचा फुगीर भाग) बदलला, नवे पंखे बॉस कॅपच्या पंखांसह बसवले, इंजिनांची शक्ती खाली बांधली. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत स्रोत-पातळी ८ ते १०० हर्ट्झमध्ये ६ डेसिबलने आणि १०० ते १,००० हर्ट्झमध्ये ८ डेसिबलने उतरलेली दिसली. सगळा खर्च इंधनासाठी केला होता. आवाज फुकटात गेला.

माउंट आणि त्यांचे शॉर्टसर्किट

कॅव्हिटेशनच्या आरंभाखाली चालणाऱ्या जहाजावर, म्हणजे सर्वेक्षण जहाज, फेरी, बंदरात हळू चाललेली टग यांवर, यजमान बदलतो. मग जनरेटर, पंप, गिअरबॉक्स ऐकू येतात. मोठं दोन-स्ट्रोक मुख्य इंजिन रबरावर बसवता येत नाही. वजन शेकडो टन असतं आणि क्रँकशाफ्टची सरळ रेघ कडक पायावरच टिकते. चार-स्ट्रोक जनरेटर मात्र बसवता येतो.

६ सिलिंडरचा, ९०० आरपीएमचा चार-स्ट्रोक जनरेटर सेकंदाला ४५ वेळा पेटतो. माउंटवर त्याची स्वतःची लय ८ हर्ट्झ असेल तर ४५ हर्ट्झवर कागदी गणित ३० डेसिबलची घट दाखवतं. प्रत्यक्षात १५ ते २० मिळाली तरी आनंद मानावा. उरलेली कुठे गेली? पहिलं कारण पाया. माउंटखालचा पत्रा स्वतःच लवचीक असेल तर रबराला दाबायला काही उरतच नाही, म्हणून माउंटच्या बरोबर खाली गर्डर किंवा ब्रॅकेट हवा. दुसरं कारण, रबराला वळसा घालून जाणारे कडक रस्ते. एक्झॉस्टची बेलो (लवचीक नळी) बसवतानाच ताणलेली, थंड पाण्याच्या पाइपला क्लॅम्प थेट फ्रेमवर, केबल ट्रे दोन्हीकडे बोल्ट केलेला, वाहतुकीसाठी घातलेले लॉकिंग बोल्ट कुणी काढलेच नाहीत. यांतला एकही रस्ता उघडा राहिला तर आठही माउंट शोभेचे. तिसरं कारण वय. तेल प्यायलेलं, रंगाचे चार थर बसलेलं, बसून चपटं झालेलं रबर स्प्रिंग राहत नाही.

तपासणी दहा मिनिटांची आहे. साधा कंपनमापक घेऊन प्रत्येक माउंटच्या वर आणि खाली वाचन घ्यायचं. बाकी सगळ्या माउंटवर फरक चांगला आणि एखाद्यावरच १० डेसिबलपेक्षा कमी, तर तो माउंट गेलाय किंवा त्याच्या शेजारून काहीतरी घट्ट जोडलेलं आहे. सगळ्यांतच फरक कमी असेल तर पाया किंवा पाइप.

नौदलं यापुढे जातात: दुहेरी माउंट, हलभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पट्टा. पाण्यात १ टक्का हवा मिसळली तरी त्यातला आवाजाचा वेग १,५०० वरून सेकंदाला सव्वाशे मीटरच्या खाली येतो आणि आवाजाला ती जणू भिंत होते. व्यापारी जहाजावर कॉम्प्रेसर चालवण्याचा खर्च बघता हे सध्या तरी लांबचं आहे.

वेग

सर्वांत स्वस्त उपाय वेग कमी करणं. स्थिर पिचच्या पंख्याचा आवाज ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने बदलतो. वेग १० टक्के कमी केला की २.७५ डेसिबल उतरतात. जहाज तेच अंतर जास्त वेळ घेऊन कापतं, म्हणून त्यातला जवळपास अर्धा डेसिबल परत येतो. उरले २.३, एकूण ध्वनिऊर्जेत सुमारे ४० टक्के घट. १५ नॉटवरून १२ वर आणलं तर याच हिशोबाने दोन तृतीयांश ऊर्जा जाते.

व्हँकुव्हरच्या बंदराने इको नावाच्या कार्यक्रमात हेच करून बघितलं. २०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हारो सामुद्रधुनीत, जिथे ‘सदर्न रेसिडेंट’ गटातले ओर्का (शिकारी देवमासे) माशांच्या शोधात फिरतात, जहाजांना ऐच्छिक ११ नॉटची विनंती केली; तीही पाण्यातल्या वेगाची, जीपीएसच्या नव्हे. हा बारकावा महत्त्वाचा. भरतीविरुद्ध जीपीएसवर ११ दाखवणारं जहाज पाण्यातून १३–१४ ने झटत असतं, आणि पंख्याला फक्त पाणी कळतं. त्या चाचणीत सरासरी घट कंटेनर जहाजांत ११.५ डेसिबल, क्रूझ जहाजांत १०.५, मोटारवाहू जहाजांत ९.३, टँकरमध्ये ६.१ आणि बल्क जहाजांत ५.९ निघाली. बल्क जहाजं मुळातच हळू चालतात, त्यांच्याकडे सोडायला कमी वेग होता. पुढच्या वर्षांत दोन गट केले गेले, वेगवान जहाजांना साडेचौदा आणि हळूंना ११, कारण सर्वांना एकच आकडा लावला तर वेगवान जहाजांचे मालक ऐच्छिक गोष्टीतून अंग काढून घेतात.

सापळा मात्र बदलत्या पिचच्या पंख्यात आहे. शाफ्ट जनरेटर (पंख्याच्या शाफ्टवरूनच फिरणारा) चालू ठेवायचा म्हणून आरपीएम कायम आणि वेग कमी करायला फक्त पिच उतरवलं, तर पात्याचं टोक पूर्वीइतक्याच वेगाने फिरतं, पण पाणी आता पात्याला उलट्या बाजूने लागतं. कॅव्हिटेशन ओढीच्या बाजूवरून दाबाच्या बाजूवर जातं आणि ते जास्त तडतडणारं असतं. अशी फेरी किंवा रो-रो ८ नॉटला १४ पेक्षा मोठ्याने वाजू शकते. उपाय म्हणजे कॉम्बिनेटर मोड: पिच आणि आरपीएम दोन्ही एकत्र खाली, आणि विजेसाठी माउंटवरचा जनरेटर. हे ब्रिजवर कुणी सांगितलेलं नसतं. तिथे हळू म्हणजे शांत हीच समजूत.

आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ मध्ये आली, सुधारित २०२३ मध्ये. बंधनकारक काहीच नाही. सुधारित तत्त्वांत प्रत्येक जहाजासाठी आवाज व्यवस्थापन आराखडा सुचवला आहे: आधी आजची पातळी, मग लक्ष्य, मग उपाय, मग पुन्हा मोजणी. पहिला टप्पा गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारलेले आराखडे सरळ परत पाठवावेत.

आपल्या किनाऱ्यावर

खोल पाण्यातली प्रमाण मोजणी आयएसओ १७२०८ या मानकाप्रमाणे होते. तीन हायड्रोफोन १५, ३० आणि ४५ अंशांच्या कोनांवर टांगलेले, जहाज किमान १०० मीटर किंवा स्वतःच्या लांबीएवढ्या अंतरावरून जाणार, पाण्याची खोली किमान १५० मीटर किंवा लांबीच्या दीडपट, जे जास्त असेल ते. मुंबईसमोर हे पाळायचं तर? आपली समुद्रबूड जमीन इथे सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. मुंबई हायपाशी खोली साधारण ७५ मीटर, म्हणजे गरजेच्या निम्मी. गोव्यासमोर ही जमीन अरुंद होते आणि खोल पाणी जवळ येतं, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर मोजणी करायचीच तर मी दक्षिणेकडे सरकेन. उथळ पाण्यात मोजून खोल पाण्यातल्या आकड्याशी तुलना करू नये. तळावरून परतलेला आवाज त्यात मिसळलेला असतो.

उथळपणाचा दुसरा परिणाम प्राण्यांच्या बाजूचा आहे. १० मीटर पाण्यात साधारण ३७ हर्ट्झच्या खालचा आवाज लांब जातच नाही, आणि प्रत्यक्षात ही मर्यादा त्याहून वर असते. म्हणून किनाऱ्यालगतच्या कुबड असलेल्या डॉल्फिनला आणि पंखहीन पॉर्पॉइजला (डॉल्फिनसारख्या छोट्या सस्तन प्राण्याला) मोठ्या इंजिनाची खर्जातली घरघर फारशी जाचत नाही. डॉल्फिनच्या शिट्ट्या काही हजार हर्ट्झच्या, दोघांच्या टिचक्या १०० किलोहर्ट्झच्या वर; पॉर्पॉइज शिट्ट्या मारत नाही. त्यांना जाचतो तो जवळून जाणाऱ्या छोट्या, वेगवान, कॅव्हिटेट होणाऱ्या होड्यांचा फसफसाट. काही हजार हर्ट्झच्या त्या पट्ट्यात आपल्याकडे कडकड करणाऱ्या कोळंब्यांचाही गोंगाट बारमाही असतो. पार्श्वभूमी न मोजता होडीला दोष दिला की चुकलंच.

मग कोकणातल्या ट्रॉलरचं काय? जाळं ओढताना होडी तीन नॉटच्या आसपास असते, पण इंजिन पूर्ण भारावर. म्हणजे पंखा जवळजवळ जागच्या जागी जोर लावतो आणि भरपूर कॅव्हिटेट होतो. कोर्ट नोझल (पंख्याभोवतीचं कडं) बसवली तर जोराचा काही भाग नोझल उचलते आणि पात्यांवरचा भार हलका होतो. तिच्यात जाळं किंवा प्लास्टिक अडकलं तर मात्र काढणं जिकिरीचं, ही तांडेलांची तक्रार खरी आहे.

त्याआधीचं काम जास्त साधं आहे. दगडाला लागून वाकलेली पाती हातोड्याने सरळ केली जातात आणि तिन्ही पात्यांची पिच वेगवेगळी होते. तपासायला पंखा सपाट फरशीवर, बॉस खाली, असा ठेवा. मध्यापासून ठरावीक त्रिज्येवर, समजा व्यासार्धाच्या ०.७ वर, खडूने वर्तुळ काढा आणि त्यावर प्रत्येक पात्याखाली ३० अंशांच्या अंतराने दोन खुणा करा. दोन्ही खुणांवर फरशीपासून पात्याची उंची मोजा. दोन उंचींतला फरक गुणिले १२ म्हणजे त्या जागची पिच. पंख्यावर २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटर कोरलेलं असेल तर फरक ५१ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. एका पात्यावर ४८ आणि दुसऱ्यावर ५४ आला तर पिच झाली ५७६ आणि ६४८. एका त्रिज्येवर सर्वांत ढिल्या तिसऱ्या वर्गातही ±५ टक्क्यांहून जास्त सूट नाही. ही दोन्ही पाती त्याबाहेर आहेत. असा पंखा पॉलिश करण्यात, शाफ्टचं बेअरिंग बदलण्यात किंवा इंजिनाखाली रबर घालण्यात पैसे घालू नयेत. आधी तो पिच-ब्लॉकवर (पिचच्या मापाच्या साच्यावर) बसवून तिन्ही पाती एकसारखी करून घ्यावीत.